लाह्यांचा आवाज

लाह्या फुटत असताना तोंड उघडायचं नाही, हा लाह्यावाल्याच्या घरातला पहिला नियम. जेवताना बोललेलं चालायचं, भांडताना तर बोलावंच लागतं, पण पातेल्यावर झाकण पडलं की सगळ्यांनी अळीमिळी गुपचिळी. कारण लाह्यांचं काम डोळ्यांचं नाही, कानांचं आहे. झाकणाखाली काय चाललंय ते दिसत नाही. आधी एखादा दाणा चुकून फुटल्यासारखा फुटतो, मग दोन-चार, मग एकदम धांदल उडते, आणि मग दोन आवाजांमधली जागा हळूहळू मोठी होत जाते. ती जागा किती मोठी झाली की पातेलं उतरवायचं, हे ज्याला कळलं तो लाह्यावाला. जरा घाई केली तर निम्मे दाणे न फुटता गणंग राहतात, जरा आळस केला तर बूड करपतं, आणि करपलेल्या लाह्यांचा वास पडद्यांतून जाता जात नाही.

नियम चांगलाच होता. पण या लाह्यावाल्याने तो पातेलं उतरवल्यावरही पाळला, तिथे घोटाळा झाला. जन्मभर कान लावून बसलेल्या माणसाची जीभ गंजली. त्याची बायको होती तोवर घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती पाहुण्यांना हसून सांगायची, "अहो, यांना लग्नाचं विचारतासुद्धा आलं नाही. लाह्यांचा पुडा घेऊन दारात येऊन उभे राहिले. मी पुडा संपवला, तरी उभेच. शेवटी मीच म्हटलं, हो म्हणू का?" पाहुणे हसायचे, लाह्यावाला भिंतीकडे बघायचा. त्याला हे मनापासून आवडायचं, पण तेही त्याने कधी सांगितलं नाही. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात म्हणतात. याच्याकडे आंबे भरपूर होते.

त्याचं दुकान म्हणजे जुन्या थिएटरच्या व्हरांड्यातला काचेचा कोपरा. तो कोपरा मिळवायला त्याच्या वडिलांची अर्धी हयात गेली. त्या काळी थिएटरात लाह्यांना शिरकावच नव्हता. आत गालिचा होता, मखमली खुर्च्या होत्या, आणि तेव्हाच्या मालकांचं म्हणणं असं की ऐन रडण्याच्या प्रसंगाला शेजारचा कुरुमकुरुम खायला लागला तर प्रेक्षकाने रडायचं कसं? म्हणून वडील हातगाडी घेऊन फाटकाबाहेर उभे राहायचे. लोक पुडे कोटात लपवून आत न्यायचे. दारवान खिसे चाचपायचा, आणि जप्त केलेल्या लाह्या मागच्या जिन्यावर बसून स्वतः खायचा. मग पडते दिवस आले, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा मालकांना गालिच्यापेक्षा दिवाबत्तीची काळजी लागली. गाडी फाटकातून आत आली, मग व्हरांड्यात आली, मग तिची चाकं काढून टाकली. ज्यांना दारात उभं केलं नव्हतं त्यांच्याच जिवावर पुढे थिएटर तगलं. हे लाह्यावाला मनात पुष्कळदा म्हणायचा. मालकांना म्हणाला नाही.

वडिलांच्या वेळी लाह्या एकाच प्रकारच्या, मीठ लावलेल्या. त्याच्या वेळी दुनिया बदलली. लोणी लावलेल्या आल्या, साखरेच्या करपट पाकातल्या आल्या, चीजच्या पिवळ्याधमक आल्या, ज्या खाल्ल्यावर बोटं चाटावीत की धुवावीत हे कळत नाही. पाकासाठी गोल डोक्याची लाही लागते. ती गुळगुळीत फुलते आणि ढवळताना मोडत नाही. मिठासाठी मात्र पंख फुटलेली, वेडीवाकडी लाही हवी, कारण तिच्या सांदीसपाटीत मीठ बसतं. दाण्यांच्या जातीच वेगळ्या. पिशवी मशीनमध्ये ठेवायची, बटण दाबायचं आणि घंटा वाजेपर्यंत टीव्ही बघायचा, असलाही एक प्रकार निघाला, पण त्याला तो लाह्या म्हणतच नव्हता. ज्या कामात कान लावावा लागत नाही, ते कसलं काम?

त्याचा कान त्याच्या लेकीने घेतला होता. तिचं घरातलं नाव टणी, कारण लहानपणी ती एका जागी टिकायची नाही, टणाटणा उडायची. फक्त लाह्या फुटताना शहाण्यासारखी बसायची. शाळा सुटली की व्हरांड्यात येऊन तेलाच्या पालथ्या डब्यावर बसायची, डोळे मिटायची आणि अचूक वेळी म्हणायची, "काढा!" लाह्यावाला काढायचा. स्वतःच्या कानाला जरा आधी-नंतर वाटलं तरी तिचंच ऐकायचा. दुकानातल्या लाह्यांच्या मशीनला घंटी होती, ती त्याने तोडून ठेवली. लेक असताना घंटी कशाला?

पुढे टणी दातांच्या कवळ्या करायला शिकली. "बापाने गणंग चारून दात पाडायचे आणि लेकीने बसवायचे, धंदा घरातच राहिला," असं आई म्हणायची. आई गेली, आणि त्यानंतर वर्षभरात टणीला दूरच्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात काम मिळालं. जायच्या दिवशी बॅग दारात ठेवून ती बराच वेळ चपलेचा पट्टा लावत बसली. एवढा वेळ लावायला त्या पट्ट्यात काही नव्हतं. लाह्यावाला म्हणाला, "नीट राहा." तिने मान वर करून बघितलं, आणखी काही येतंय का याची वाट पाहिली, आणि गेली.

घर खायला उठलं. मग रविवारचे फोन सुरू झाले. दुपारी पोरगी जेवून बसली की फोन करायची. जेवलीस का, जेवलात का, एवढं झालं की लाह्यावाल्याचा शब्दांचा साठा संपायचा. एका रविवारी बोलायचं काही सुचेना म्हणून त्याने गॅसवर पातेलं चढवलं, दाणे टाकले आणि आपला जुना बटणांचा फोन झाकणाजवळ धरला. तिकडून हसू आलं. मग ती गप्प झाली, तो गप्प झाला, आणि दाणे फुटायला लागले. धांदल उडाली, ओसरली, आणि तिकडून आवाज आला, "काढा!"

त्याने पातेलं उतरवलं. एकही दाणा करपला नव्हता. एवढ्या लांबून! लाह्यावाला ओट्याला टेकून उभा राहिला आणि कितीतरी वेळ त्याला आनंदाने काही करताच येईना. मग तो रिवाजच पडला. दर रविवारी इकडे पातेलं चढायचं आणि तिकडून "काढा" यायचं. टणी समोर नाही हे त्याला आठवडाभर खुपायचं, पण त्या थोड्या वेळात ती डब्यावर बसलेली असायची.

गेल्या वर्षी तिने स्वतःला नवा फोन घेतला आणि तसाच एक मोठ्या कौतुकाने त्यालाही धाडला. जुन्यात फार खरखर येते म्हणाली. आणि वर बजावलं, "बाबा, हा महागाचा आहे. गॅसजवळ नेऊ नका, तेल उडेल."

आता गॅसजवळ न्यायचा नाही तर करायचं काय? लाह्यावाल्याने फोनला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि पुढच्या रविवारी गुपचूप झाकणाजवळ धरला. दाणे फुटले, धांदल उडाली, ओसरली. तो थांबला. तिकडून काही येईना. आणखी थांबला. "काढा" आलं नाही, धूर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून घाणा जळला. खोकत खोकत तो म्हणाला, "झालं." ती म्हणाली, "बरं बाबा. ठेवू?"

त्याने अर्थ लावला: नको म्हटलं तरी फोन गॅसजवळ नेला म्हणून पोरगी रागावली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मग अर्थ बदलला: पोरगी मोठी झाली, दमून येते, तिला आता या पोरखेळात रस नाही. विचारायचं मात्र त्याच्या मनात आलं नाही. माया काय मागून घ्यायची असते? तो स्वतःच्याच कानाने पातेलं उतरवू लागला. तरी टाकायचा मात्र प्रत्येक रविवारी, कारण ती फोन ठेवून देत नव्हती. लाह्या संपेपर्यंत थांबत होती. तेवढ्यावर तो आठवडा काढायचा.

अशात एका बुधवारी, रविवार नसताना, टणीचा फोन आला. तिकडे एक घर बघितलंय म्हणाली. भाड्याचं नव्हे, विकत. घरमालकीण सोमवारपर्यंत थांबणार होती, त्यानंतर दुसऱ्याला देणार. "एकदा घेतलं की मग इथलीच झाले मी," ती म्हणाली. "तिथल्या दातांच्या दवाखान्यातूनही विचारणा झालीय, आपल्या गल्लीच्या टोकाला आहे ना, त्या. पगार कमी आहे. तुम्हाला काय वाटतं बाबा?"

काय वाटतं म्हणजे काय! ये, आजच ये, तुझी खोली मी रोज झाडतो. एवढं सगळं मनातल्या मनात म्हणून झालं. तो म्हणाला, "रविवारी सांगतो."

सांगायचं कसं, हे त्याने त्याच्या पद्धतीने ठरवलं. फडताळात मागे एक बरणी होती, पांढऱ्या, बारीक, टोकाला सुईसारख्या दाण्यांची. तांदळासारखा दिसणारा मका. पिकवणारेच उरले नाहीत म्हणून ही जात बाजारातून गेली होती. याच्या लाह्या नखाएवढ्या होतात, पण आवाज वेगळा, हलका आणि भराभर येणारा. टणी लहान असताना घरी हाच मका असायचा. तिने हा आवाज ऐकला की ती उठून चालायला लागेल, अशी त्याची खात्री होती. पण दाणे वर्षानुवर्षं सुकून खडखडीत झालेले. लाही फुटते ती दाण्याच्या पोटातल्या पाण्याने. ते आटलं की नुसता खडा. त्याने बरणीत चमचाभर पाणी घातलं, झाकण घट्ट लावलं आणि चार दिवस जाता-येता ती बरणी हलवत राहिला. थिएटरातही बरोबर नेली. तिकीटवालीने विचारलं, "बाळ कुणाचं सांभाळताय?"

रविवारी फोन आला. जेवलीस का, जेवलात का झालं. मग तो म्हणाला, "टणे, आज नीट ऐक हं."

"ऐकते बाबा. बोला."

त्याने दाणे टाकले. क्षणभर वाटलं, मेले आहेत. मग पहिला फुटला, आणि मग असे फुटले की झाकण उचललं गेलं. दाणा न् दाणा उमलला. त्यात सगळं होतं; टणीची आई होती, तेलाचा डबा होता, झाडलेली खोली होती. लाह्यावाल्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने पातेलं उतरवलं आणि वाट बघत राहिला.

बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला. "झालं, बाबा?"

"झालं."

"मग मी काय समजू?"

"समजायचं ते समज," तो म्हणाला. त्याच्या मते याहून स्पष्ट बोलणं शक्य नव्हतं.

"बरं," टणी म्हणाली. तिचा आवाज जरा जड वाटला आणि लाह्यावाल्याचा जीव सुपाएवढा झाला. समजली! पातेल्यातल्या लाह्या त्याने एकट्याने, मीठसुद्धा न लावता, उभ्या उभ्या खाल्ल्या.

मंगळवारी तो थिएटरात मका संपत आला म्हणून दाणेवाल्याला फोन करत होता. दुपारच्या खेळाची वेळ, शेजारी मशीनमध्ये लाह्या तडातड फुटत होत्या, आणि लाह्यावाल्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"ओरडता कशाला?" दाणेवाला म्हणाला. "तुमच्याकडे एवढी शांतता, आज खेळ बंद वाटतं?"

"शांतता? मशीन चालू आहे माझं!"

"थट्टा करता काय राव. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं शांत आहे तुमच्याकडे."

लाह्यावाल्याने मशीनकडे बघितलं. काचेमागे लाह्या उसळत होत्या. त्याने मशीन बंद केलं, गिऱ्हाइकांची रांग तशीच सोडली आणि समोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर गेला. तिथली मुलगी डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसली होती. त्याने आपला फोन पुढे केला. "याला लाह्या ऐकू येत नाहीत."

मुलीने भिंग वर केलं. आधी तिला हसू आलं, मग त्याचा चेहरा बघून ती गंभीर झाली. "काका, फोन चांगला आहे. उलट जास्तच चांगला आहे. हा माणसाचा आवाज तेवढा पलीकडे पाठवतो आणि बाकीचा कचरा गाळून टाकतो."

"कचरा?"

"म्हणजे गाड्या, पंखे, भांडी. आपटल्याचा, फुटल्याचा आवाज असला की तो पुसतो. लोकांना तेच हवं असतं हो."

"आणि माणूस बोललाच नाही तर? पलीकडच्याला काय ऐकू येतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "शांतता."

तिने दोन-तीन ठिकाणी बोट फिरवून ते गाळणं बंद केलं. आता सगळं पोचेल म्हणाली, पण खरखरही पोचेल. लाह्यावाल्याने दीडशहाणा फोन खिशात घातला आणि तडक घर गाठलं. गिऱ्हाइकांनी त्या दिवशी बिनलाह्यांचा खेळ पाहिला.

घरी येऊन त्याने सवयीने पातेलं काढलं, आणि परत ठेवलं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? त्याने फोन लावला. टणी कामावर होती, तरी तिने उचलला. मंगळवारी बापाचा फोन म्हटल्यावर ती घाबरलीच.

"काय झालं बाबा? बरं आहे ना?"

"मी लाह्या टाकत होतो," तो म्हणाला.

"कधी? आत्ता?"

"दर रविवारी. नव्या फोनवर. तुला ऐकू जात नव्हतं, ते मला आज कळलं. तो गाळतो म्हणे."

मग टणी म्हणाली, "मी गॅसजवळ नेऊ नका म्हटलं, म्हणून मला वाटलं तुम्ही सोडलंत. मला वाटलं, मी तुम्हाला सोडून आले म्हणून तुम्ही रागावलात. जेवलीस का एवढं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. वर्षभर बाबा! मी फोन कानाला लावून बसायचे. म्हणायचे, आज बोलतील. आज तरी काहीतरी बोलतील."

लाह्यावाल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परवा तुम्ही म्हणालात, नीट ऐक," ती पुढे म्हणाली. "मी खोलीची खिडकीसुद्धा लावून घेतली. श्वास रोखून बसले. काय सांगत होतात?"

आता पळवाट नव्हती. पातेलं नव्हतं, दाणे नव्हते, बायको नव्हती. "परत ये म्हणत होतो," तो म्हणाला. "मला करमत नाही गं. मुळीच करमत नाही. तू गेलीस त्या दिवशीच म्हणायचं होतं, जाऊ नकोस."

एवढं एका दमात तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. बोलून त्यालाच दम लागला.

"काल सकाळी मी घराचं हो म्हणून सांगितलं," टणी म्हणाली. "दवाखान्याला नकार कळवला. त्यांनी दुसरी मुलगी घेतलीसुद्धा. तुम्ही म्हणालात, समजायचं ते समज. मी समजले, तुमची हरकत नाही."

"बरं केलंस," लाह्यावाला म्हणाला. "घर चांगलं आहे का?"

"चांगलं आहे."

"ऊन येतं?"

"सकाळचं येतं."

"मग चांगलंच आहे," तो म्हणाला. त्याने फोन जरा लांब धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ तोंडावर दाबली. आवाज न करता रडण्यात त्याचा हातखंडा होता. बायको गेली तेव्हा पलीकडच्या खोलीत निजलेल्या लेकीलाही त्याने कळू दिलं नव्हतं.

"बाबा, रडताय?"

"छे गं. ठसका लागला."

"ऐकू येतंय मला," टणी म्हणाली. "सगळं ऐकू येतंय."

त्याने मूठ काढली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तो रडला, मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही असा, आणि ती ऐकत राहिली. रडून झाल्यावर त्याने नाक पुसलं आणि फोन कानाशी घट्ट धरला. तिकडून काहीच येत नव्हतं. हुंदका नाही, श्वास नाही, यंत्रांची घरघर नाही. परवापर्यंत त्याने त्याचा अर्थ लावला असता, की पोरगी कोरडी आहे, कामात आहे, तिने केव्हाच मन काढून घेतलंय. पण टणीच्या हातातला फोनही त्याच्या फोनसारखाच नवा होता, गाळणारा.

"ठेवू नकोस," लाह्यावाला म्हणाला. "मी आहे."